निक ड्रेक तेव्हा का चालला नाही: तुम्ही विचारलंत म्हणून

इंग्लिश गायक आणि गिटारवादक निक ड्रेकचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला: एवढा थोर होता, तर हयातीत त्याला कुणी विचारलं कसं नाही? विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा उत्तर तयारच असतं. लाजाळू मुलगा, नैराश्य, 26व्या वर्षी मृत्यू, पंचवीस वर्षांनी मोटारीच्या जाहिरातीमुळे नाव. मी फक्त 'हो ना, बिचारा' म्हणायचं. ते मी म्हणणार नाही.

आधी त्याच्या हाताशी काय काय होतं ते बघा. तीन अल्बम: 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट' 1969 मध्ये, 'ब्रायटर लेटर' 1971च्या सुरुवातीला, 'पिंक मून' फेब्रुवारी 1972 मध्ये. कंपनी आयलंड, म्हणजे त्या वेळचं वजनदार नाव. निर्माता जो बॉइड, ध्वनिमुद्रक जॉन वूड. पहिल्या अल्बमवर डॅनी थॉम्पसनचा डबल बेस, दुसऱ्यावर फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या फोक-रॉक गटाची मंडळी आणि दोन गाण्यांत खुद्द जॉन केल, 'व्हेल्वेट अंडरग्राउंड'वाला. केंब्रिज अर्धवट सोडलेल्या मुलाच्या दिमतीला याहून जास्त कोण येतं? तरी पहिल्या फेरीत एकही अल्बम पाच हजारांच्या वर खपला नाही असं सांगितलं जातं. दार कुणी बंद केलेलं नव्हतं. मग अडलं कुठे?

गिटारच्या तारा जुळवायच्या खुंट्यांवर, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो आणि अजूनही त्यातलं निम्मंअधिक सोडायला तयार नाही.

तेव्हाच्या इंग्लंडमध्ये अशा गायकाचा अल्बम विकला जायचा तो कॉलेजांत आणि क्लबांत रोज रात्री वाजवून. निकला ते जमायला हवं होतं. सप्टेंबर 1969 मध्ये रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये, फेअरपोर्टच्या आधी, ते जमलंही. श्रोते शांत होते. पण पुढे बिअरचे ग्लास आणि गप्पा यांच्यामध्ये बसून वाजवायची वेळ आली आणि तिथे त्याचं ट्यूनिंग, म्हणजे तारा कोणत्या सुरांना जुळवायच्या ती पद्धत, आडवं आलं.

त्याची सगळी गाणी एका ट्यूनिंगमध्ये नाहीत. 'रिव्हर मॅन' नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये (सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत ई ए डी जी बी ई), कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, तिसऱ्या फ्रेटवर, पाच मात्रांत. (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची आडवी पट्टी; एक फ्रेट म्हणजे अर्ध्या सुराचं अंतर.) 'पिंक मून' हे गाणं मात्र सी जी सी एफ सी ई, कॅपो दुसऱ्या फ्रेटवर. एकावरून दुसऱ्यावर जायचं म्हणजे सहावी तार ईवरून सीवर, चार फ्रेट खाली. पाचवी, चौथी, तिसरी प्रत्येकी दोन फ्रेट खाली. दुसरी एक फ्रेट वर. पहिलीला हात लावायचा नाही. ऐकायला सोपं आहे. पण सहाव्या तारेचा ताण यात एक तृतीयांशाहून जास्त उतरतो आणि दुसरीचा बारा टक्क्यांच्या आसपास चढतो. एकूण ताण कमी झाला की मान किंचित सैलावते आणि हात न लावलेली पहिली तार आपसूक चढते. उतरवलेल्या तारा थोड्या वेळाने वर सरकतात, चढवलेली खाली येते. वर कॅपो लावला की सैल जाड तार सर्वांत जास्त ओढली जाते. म्हणून एका फेरीत भागत नाही: आधी चारही तारा उतरवायच्या, मग दुसरी चढवायची, मग कॅपो लावून पुन्हा सहाही तपासायच्या. घरी करून बघणार असाल तर 12च्या सेटमधली 53ची सहावी तार काढून 56ची घाला (हे आकडे तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात), नाहीतर ती सीवर फ्रेटला आपटून खरखरते आणि तुम्ही म्हणाल, गिटार खराब आहे.

हे सगळं 1970 मध्ये, पायाखाली सूर दाखवणारा ट्यूनर नसताना, कानाने, गोंगाटात. आपल्याकडे तंबोरे जुळेपर्यंत श्रोते निवांत थांबतात, कारण जुळवणं हा मैफिलीचाच भाग धरलेला असतो. इंग्लंडमधल्या कॉलेजच्या हॉलमध्ये तेवढा वेळ गायकाने दोन विनोद करून भरून काढायचा असतो. निक तोंड उघडत नसे. जून 1970 मध्ये युएल इथल्या टेक्निकल कॉलेजात तो 'फ्रूट ट्री' हे गाणं अर्ध्यात टाकून उठून गेला. त्या कार्यक्रमात असलेल्या गायक राल्फ मॅक्टेलने हे सांगितलेलं आहे. त्यानंतर त्याचं मंचावर येणं जवळपास संपलंच.

इथपर्यंत उत्तर छान बसतं. मग कुणीतरी शहाणा विचारतो, दोन गिटारी का नाही ठेवल्या? एका ट्यूनिंगची गाणी सलग का नाही घेतली? रास्त आहे. शिवाय कॅनडाची गायिका जोनी मिचेल आहेच. तिची ट्यूनिंग्ज निकपेक्षा जास्त, आणि ऑगस्ट 1970 मध्ये आइल ऑफ वाइटच्या महोत्सवात ती प्रचंड, बिथरलेल्या गर्दीपुढे वाजवत होती, रडवेली होऊन गर्दीला समजावत होती आणि पुन्हा वाजवत होती. निकचा मित्र, गायक-गिटारवादक जॉन मार्टिनही वेगळ्या ट्यूनिंग्जमध्ये वाजवून देशभर फिरला. म्हणजे खुंट्या एकट्या दोषी नाहीत.

आणि 1974चं ध्वनिमुद्रण तर खुंट्यांच्या उत्तरात बसतच नाही.

ते समजायला 'पिंक मून' आधी घ्यावा लागतो. ऑक्टोबर 1971, लंडनच्या चेल्सी भागातला साउंड टेक्निक्स स्टुडिओ. दिवसा स्टुडिओ मोकळा नसे, म्हणून रात्री अकराच्या सुमाराला सुरुवात. आत निक आणि जॉन वूड, तिसरा कुणी नाही. दोन रात्रींत अकरा गाणी, एकूण 28 मिनिटं. आवाज आणि गिटार एकदमच. नंतर वर चढवलेली एकच गोष्ट, शीर्षकगीतातला पियानो. (टेप कंपनीच्या स्वागतकक्षात ठेवून तो न बोलता निघून गेला, ही गोष्ट चवीने सांगतात. मला ती फार रचलेली वाटते.) हे दोन रात्रींत होऊ शकलं कारण त्याच्या वाजवण्यात चूक सापडत नसे. अंगठा खालच्या तारांवर ठरलेल्या वजनाने चालतो, बोटं वर आपलं विणकाम करतात आणि आवाज या दोघांच्या मागून, ठोका ओलांडून, हवा तिथे उतरतो. गिटार वाजवणारे बहुतेक जण अंगठ्याच्या ठोक्यावरच शब्द टाकतात, कारण शरीराला तेच सोपं जातं. निक टाकत नाही. 'रिव्हर मॅन'च्या पाच मात्रांवर तसं गाऊन बघा. दुसऱ्या ओळीला अंगठा तरी अडखळतो, नाहीतर शब्द तरी पहिल्या मात्रेवर जाऊन आपटतो. एका अंगात दोन लयी सांभाळणं हीच त्याची खरी कमाई होती. तंतुवाद्यांची भव्य योजना रॉबर्ट कर्बीची आणि 'रिव्हर मॅन'पुरती हॅरी रॉबिन्सनची. हे मात्र त्याचं एकट्याचं.

1974 मध्ये तो त्याच स्टुडिओत आला. जॉन वूड तोच. बॉइड अमेरिकेहून आलेला. श्रोते नाहीत, ग्लास नाहीत, दोन गाण्यांच्या मध्ये लागेल तेवढा वेळ. आणि त्याला गाता गाता वाजवता येईना. आधी गिटार घेतली, मग ती कानावर ऐकत त्याने आवाज दिला.

कुणी म्हणेल, त्यात काय? निम्मं पॉप संगीत असंच बनतं. बनतं, पण त्यांचं गाणं दोन लयींच्या ओढाताणीवर उभं नसतं. गिटार आधी मुद्रित झाली की ती गोठते. गाणारा श्वासासाठी थांबला तर बोटं थांबत नाहीत, ओळ लांबली तर अंगठा वाट बघत नाही. 'ब्लॅक आइड डॉग' त्या कानाने ऐका: गिटारवरचे वरचे हार्मोनिक्स (तार न दाबता, नुसती शिवून काढलेले बारीक स्वर), त्यावर पातळ, चढा, थरथरता आवाज, आणि दोघं एकाच खोलीत असून एकमेकांशी बोलत नाहीत. लोक त्याला 'काळीज चिरणारं' म्हणतात. असेल, मला त्यात एका कारागिराचा उजवा हात निकामी झालेला ऐकू येतो आणि त्याचं कौतुक करवत नाही. त्यातली चार गाणी 1979च्या 'फ्रूट ट्री' संचात आली. पाचवं, 'टो द लाइन', टेपच्या शेवटी नंतर सापडलं आणि 2004 मध्ये बाहेर आलं. निक नोव्हेंबर 1974 मध्ये गेला.

म्हणजे शेवटी आजारच ना, असं आता तुम्ही म्हणणार. 1974साठी हो. पण प्रश्न न खपण्याचा होता आणि न खपलेले पहिले दोन अल्बम केले तेव्हा हात आणि आवाज दोन्ही शाबूत होते. 'ब्रायटर लेटर'मध्ये ड्रम्स आहेत, सॅक्सोफोन आहे, चक्क प्रसन्न वाद्यरचना आहेत. शेवट माहीत असल्यामुळे आपण तिथेही खिन्नता शोधत बसतो.

जाता जाता दुसरा लाडका प्रश्न: जन्म रंगूनचा, वडील बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये इंजिनिअर, मग त्या उघड्या तारांच्या नादात आपलं काही आहे का? कंपनीच्या नावात मुंबई आहे, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही. कुटुंब त्याच्या लहानपणीच इंग्लंडला परतलं. शोधायचंच तर आई मॉलीकडे जा. ती पियानोवर स्वतःची गाणी रचून गायची, ती घरी टेप केलेली होती आणि आता ऐकायला मिळतात. सुरावटीची ती अचानक वळणं निकने कुठून उचलली ते लगेच कळतं.

राहिली 1999ची फोक्सवॅगनची जाहिरात. तिने 'पिंक मून'चा अमेरिकेतला खप कित्येक पटींनी वाढवला, नाकारत नाही. पण वाढायला अल्बम दुकानात असावा लागतो. बॉइडने आपली विचसीझन ही संस्था आयलंडला विकताना निकचे अल्बम यादीतून काढायचे नाहीत अशी अट घातली होती, असं तो सांगतो. एवढा कमी खप असलेल्या गायकाचे तिन्ही अल्बम नाहीतर कधीच गायब झाले असते. मधल्या काळात एकाने दुसऱ्याला कॅसेट भरून दिली, दुसऱ्याने तिसऱ्याला.

तर पहिल्या दोन अल्बमसाठी माझं उत्तर अजून खुंट्या आणि दौरे हेच आहे. जोनी मिचेलचं काय करायचं ते ठरत नाही. तिला गर्दीशी भांडता येत होतं, याला नाही, असं म्हणून बघितलं. पण मग ट्यूनिंगचा एवढा पसारा सांगायची गरजच उरत नाही, आणि तो पसारा मी खोटा मानत नाही.