सिंह, भिंत आणि शेक्सपिअर

मुलांना शेक्सपिअर सांगायचा म्हटले की बहुतेक पालकांचा हात आधी गोष्टीरूप पुस्तकाकडे जातो, तसा माझाही गेला. मेरी आणि चार्ल्स लँब या बहीणभावांनी १८०७ साली खास मुलांसाठी लिहिलेल्या कथा मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला मराठीतून सांगू लागले. ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’पाशी आल्यावर मात्र ध्यानात आले की, ज्या प्रसंगाने मला लहानपणी शेक्सपिअरची गोडी लागली, तोच इथे गाळलेला आहे.

तो प्रसंग अथेन्समधल्या कारागिरांचा आहे. राजाच्या लग्नात आपणही एक नाटक करावे, असे विणकर, सुतार, कल्हईवाला आणि त्यांचे सोबती ठरवतात. विणकर बॉटमला नायक तर मिळतोच, पण नायिका आणि सिंहही त्यालाच हवे असतात. सिंहाचे काम ज्याच्याकडे येते तो स्नग सुतार, पाठांतरात कच्चा असल्यामुळे, संवाद आधी लिहून मागतो. तेव्हा त्याला कळते की आपल्याला नुसती डरकाळी फोडायची आहे. पुढे बायका घाबरू नयेत म्हणून तो प्रयोगातच सांगून टाकतो की मी खरा सिंह नव्हे, स्नग सुतार आहे. भिंतही माणूसच होतो, आणि त्याच्या फाकवलेल्या बोटांमधून प्रेमिक एकमेकांशी बोलतात.

मी पुस्तक मिटले आणि हा भाग मुलीला व तिच्या मैत्रिणींना करायला दिला. सर्वांत मोठे भांडण भिंत कोण होणार यावरून झाले, याचा मला मनापासून आनंद वाटला. दाढी फुटू लागलेल्या फ्लूट या कारागिराला नायिका का व्हावे लागते, असे मुलीने विचारले, तेव्हा त्या काळी लंडनच्या रंगभूमीवर स्त्रियांची कामे मुलगेच करत, हे सांगता आले आणि बोलणे सहज बालगंधर्वांपर्यंत पोचले. १५९९ साली उभे राहिलेले ग्लोब नाट्यगृह, एका पेनीत अंगणात उभे राहून नाटक पाहणारी माणसे, १६१३ मध्ये प्रयोगातल्या तोफेच्या ठिणगीने पेटलेले त्याचे गवती छप्पर, हे सारे त्यांनी स्वतः विचारले म्हणून सांगितले. शेक्सपिअरचे जन्मगाव स्ट्रॅटफर्ड आणि १५६४ हे जन्मसाल सर्वांत शेवटी आले.

एका मैत्रिणीची धाकटी बहीण तेवढी काम न मिळाल्याने रुसली होती. या नाटकात चांदणे झालेला, हाती कंदील धरलेला एक माणूसही आहे, असे मी सांगताच ती विजेरी घेऊन भिंतीशेजारी जाऊन उभी राहिली.