तुम्ही विचारलंत म्हणून : सुट्टीत आलेल्या मुलांना इथला संघ घेतो का?

माझी पंधरा वर्षांची भाची मे महिन्याच्या सुट्टीत श्टुटगार्टला आमच्याकडे राहायला आली आणि आमच्या वस्तीतल्या क्लबच्या मुलींबरोबर व्हॉलीबॉल खेळू लागली. तेव्हापासून ओळखीची मराठी कुटुंबे मला एकच प्रश्न विचारत आली आहेत : थोड्या दिवसांसाठी आलेल्या आणि जर्मन न येणाऱ्या मुलाला हे लोक खरोखर आपल्यात घेतात का, आणि घेत असतील तर त्यासाठी काय करावे लागते? घेतात, आणि आपुलकीने घेतात. मात्र सरावाला घेणे आणि स्पर्धेत उतरवणे या इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी समजून घेतले पाहिजे.

जर्मनीत मुलांचा खेळ शाळेपेक्षा वस्तीतल्या नोंदणीकृत क्लबांमध्ये अधिक चालतो. सात माणसे एकत्र आली की अशा संस्थेची नोंदणी करता येते, आणि आज देशभरात ८६ हजारांच्या आसपास क्रीडा क्लब आहेत. संध्याकाळी शाळांचे हॉल या क्लबांना वापरायला मिळतात, आणि प्रशिक्षक बहुधा नोकरी किंवा शिक्षण सांभाळून, नाममात्र मानधनावर किंवा तेही न घेता शिकवणारे असतात. आमच्या भाचीची प्रशिक्षक विद्यापीठात शिकणारी मुलगी होती आणि लहानपणी त्याच क्लबमध्ये खेळलेली होती. अशा ठिकाणी नव्या मुलाला दोन-तीन वेळा विनामूल्य सरावाला येऊ देण्याची पद्धत रुळलेलीच आहे, त्यामुळे तुमची विनंती कुणाला विचित्र वाटत नाही. क्लबच्या संकेतस्थळावर वयोगट, सरावाचे वार आणि हॉलचा पत्ता दिलेला असतो. निघण्यापूर्वी प्रशिक्षकाला चार ओळींची ईमेल पाठवावी. मुलाचे वय, तो किती वर्षे खेळतो आहे, कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि फक्त सरावाला येऊ इच्छितो, एवढे लिहिले की पुरते. इंग्रजीत लिहिले तरी चालते.

लीगच्या अधिकृत सामन्यांसाठी खेळाडूचा परवाना लागतो, आणि पाहुण्या मुलाने तो काढण्याच्या मागे लागू नये. विम्याचे मात्र नीट विचारावे. सभासदांना क्लबचा अपघात विमा असतो. जो सभासद नाही त्याला तो लागू होईलच असे नाही, म्हणून आपल्या प्रवास विम्यात खेळताना झालेली दुखापत धरलेली आहे की नाही, हे भारतातून निघण्यापूर्वीच तपासावे. आई-वडील सोबत नसतील तर त्यांच्या सहीचे संमतिपत्र हवे, आणि त्यात इथल्या मावशीचे, आत्याचे किंवा काकांचे नाव व फोन नंबर असावा. आमच्याकडून त्यांनी हे पत्र पहिल्याच दिवशी मागून घेतले, आणि त्यांच्या या काटेकोरपणाने मला आश्वस्त वाटले.

वेळेच्या बाबतीत महाराष्ट्रातल्या मुलांचे नशीब चांगले आहे. इथला लीगचा हंगाम सप्टेंबरच्या सुमारास सुरू होऊन वसंतात संपतो, त्यामुळे आपल्याकडे सुट्टी लागलेली असते तेव्हा इथले संघ पुढच्या हंगामाची तयारी करत असतात, सामन्यांचा ताण नसतो आणि प्रशिक्षकाला नव्या मुलाकडे पाहायला सवड असते. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला शाळांना साधारण दोन आठवड्यांची सुट्टी असते. तेव्हा हॉल बहुधा बंद राहतात, म्हणून तिकीट काढतानाच तारखा पाहाव्यात.

आता जे मला खरे महत्त्वाचे वाटते त्याकडे येते. भाची सांगली जिल्ह्यातल्या गावात मातीच्या मैदानावर खेळायला शिकलेली. लाकडी जमिनीवर वापरायचे, डाग न पाडणारे तळवे असलेले बूट तिच्याकडे नव्हते, ते आम्ही इथे घेतले. पहिल्या संध्याकाळी ती बूट घालून भिंतीशी उभी राहिली आणि सराव सुरू होण्याची वाट पाहू लागली. सराव सुरू झालेलाच होता. मुली सामानाच्या खोलीतून लोखंडी खांब ढकलगाडीवर घालून आणत होत्या, दोघीजणी जमिनीतली गोल झाकणे उचलून खांबांच्या खाचा मोकळ्या करत होत्या, एक जाळे उलगडत होती आणि एक दांडा फिरवून ते ताणत होती. मग मापाची काठी लावून मधली उंची दोन मीटर चोवीस सेंटिमीटर भरते का, हे पाहिले गेले. प्रशिक्षक एका बाजूला बसून नोंदी करत होती. तिने कुणालाच काही सांगितले नाही. एका मुलीने भाचीच्या हातात जाळ्याचे दुसरे टोक दिले, तेव्हा तिला खांबाकडे जावेच लागले. पुढच्या वेळेपासून झाकणे उचलण्याचे काम तिच्याकडे आले आणि ती जाईपर्यंत ते तिचेच राहिले.

माझ्या मते परदेशात आलेल्या मुलाला याची फार गरज असते. आम्ही नातेवाईक त्याला किल्ले, तळी, संग्रहालये दाखवतो, आवडीचे खायला करून घालतो, आणि तो सगळा वेळ पाहुणाच राहतो. संघात मात्र त्याच्या वाट्याला काम येते, आणि ते त्याने केले नाही तर सगळ्यांचा खेळ खोळंबतो.

खेळातही तिला एक गोष्ट नव्याने शिकावी लागली. गावी मैदानाबाहेरून सर ओरडून सांगत, की चेंडू कुणी घ्यायचा. इथे जी घेणार तिनेच मोठ्याने पुकारायचे असते. पहिल्या दिवशी सर्व्हिस तिच्या आणि शेजारच्या मुलीच्या मधोमध पडली, कारण ही संकोचाने थांबली होती. प्रशिक्षकाने खेळ थांबवून तिला सांगितले, की तुझ्या भाषेत ओरडलीस तरी चालेल, पण ओरड. तेव्हापासून त्या हॉलमध्ये ‘माझा!’ अशी खणखणीत आरोळी ऐकू येऊ लागली, आणि बाकीच्या मुली ती ऐकून बाजूला होऊ लागल्या.

भारतात व्हॉलीबॉल खेळतात का, असे त्या मुलींनी तिला विचारले होते, आणि त्यावर तिने त्यांना जिमी जॉर्जविषयी सांगितले. केरळचा हा खेळाडू इटलीतल्या क्लबांकडून खेळला, 1987 साली तिथेच मोटार अपघातात गेला, आणि मॉन्टिकियारी गावातल्या क्रीडागृहाला त्याचे नाव दिलेले आहे. गावातल्या सरांकडून ऐकलेली ही हकिकत तिने मोडक्या इंग्रजीत सांगितली, मुलींनी लगेच फोनवर ते क्रीडागृह शोधून काढले, आणि मला सांगताना तिचा चेहरा अभिमानाने फुलला होता.

कधीच न खेळलेल्या मुलाचे काय, हेही पुष्कळजण विचारतात. त्याला थेट वयोगटाच्या संघात पाठवू नये. लीगसाठी तयारी करणाऱ्या मुलांचा वेग त्याला झेपत नाही आणि तो हिरमुसतो. अनेक क्लबांमध्ये मुलेमुली एकत्र खेळणारे हौशी गट असतात. ते सामन्यांसाठी नव्हे तर निव्वळ आनंदासाठी जमतात. अठरा वर्षांखालच्यांना तिथे घेतात का, हे विचारून मग त्यांना लिहावे. जुलैच्या अखेरीस इथल्या शाळांना मोठी सुट्टी लागून हॉल बंद होऊ लागतात, तेव्हा त्याआधीच्या तारखा ठरवाव्यात आणि ईमेल शक्यतो एप्रिलमध्येच पाठवावी.