पाण्याखालचा फोन : हाउसिंग लावून झालं, आता सिग्नलची सोय

प्लास्टिकच्या पाऊचचा नाद सोडून हाउसिंग, म्हणजे फोनभोवतीचा पाणी न शिरणारा कडक डबा, घेतलं आणि फोन आता खऱ्या अर्थाने डायव्हला यायला लागलाय. नव्या मंडळींचा ठरलेला प्रश्न आधी घेतो. फोन आयपी ६८ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाची श्रेणी) आहे, मग हाउसिंग कशाला? त्यातला ८ म्हणजे 'एक मीटर, अर्धा तास' या पातळीच्या पुढचं काहीतरी. नेमकं किती, ते कंपनी स्वतः ठरवते. म्हणून एकाचं आयपी ६८ दीड मीटरचं असतं, दुसऱ्याचं सहा मीटरचं. तेही कोऱ्या फोनवर, गोड्या आणि स्थिर पाण्यात तपासलेलं. एकदा फोन पडला, पाणी अडवणारा आतला डिंक जुना झाला, की त्या आकड्याची हमी राहत नाही. आपण १८ मीटरवर जातो, तिथे दाब वरच्या जवळजवळ तिप्पट असतो.

पाऊच पोहताना ठीक. दहा मीटरवर मात्र आतली हवा निम्मी होते, प्लास्टिक स्क्रीनवर घट्ट बसतं आणि फोनला बोट कुठलं नि पाणी कुठलं हेच कळत नाही. बाजूची बटणंही दाबली जाऊ शकतात.

माझ्या हाउसिंगला बाहेरून दाबायची बटणं आहेत, ती ब्लूटूथने फोनमधल्या ॲपशी बोलतात. ब्लूटूथ पाण्यात काही सेंटीमीटरही धड जात नाही, पण इथे पाठवणारा आणि फोन दोघेही एकाच बंद हवेत असल्याने अडत नाही. खाली जाताना एअरप्लेन मोड लावून फक्त ब्लूटूथ चालू ठेवतो, नाहीतर फोन नसलेलं नेटवर्क शोधत बॅटरी संपवतो.

सगळ्यात जास्त वेळ ओ-रिंगला, म्हणजे झाकणाच्या फटीत पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याला देतो, आणि द्यायलाच हवा. रिंग खोबणीतून काढायची, दोन बोटांत धरून हळूहळू पूर्ण फिरवायची. डोळ्यांना न दिसलेला वाळूचा कण बोटाला टोचतो. एखादा केस आडवा आला तरी तेवढ्या वाटेने पाणी आत येतं. ग्रीस फक्त चमक येण्यापुरतं, जास्त लावलं तर तेच वाळू धरून ठेवतं. ग्रीस हाउसिंगसोबत आलेलंच वापरा, कारण सिलिकॉनच्या रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलं तर रिंग फुगू शकते. मग पंपाने हवा ओढायची, हिरवा दिवा लागला की हाउसिंग तसंच टेबलावर ठेवून द्यायचं. गळती असेल तर दिवा कोरड्यातच बदलतो, ही सोय मला लाखमोलाची वाटते. पहिली डायव्ह तर फोनशिवायच केली, आत कोरडा टिश्यू ठेवून. तो कोरडा वर आला, त्यानंतरच फोन आत गेला.

आता संपर्काचं. खाली मोबाइल नाही, जीपीएस नाही, काहीच नाही. खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे या लहरी त्यात लगेच विरतात. आवाज मात्र सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने जातो. २०२२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी याचाच उपयोग करून एक ॲप दाखवलं. फोनचाच स्पीकर आणि मायक वापरून हातखुणांसारखे २४० तयार संदेश सुमारे ३० मीटरपर्यंत, आणि संकटाचा इशारा १०० मीटरपर्यंत पोचतो. वेगळं यंत्र लागत नाही हे वाचून मला फार आनंद झाला. तरी बडीशी, म्हणजे डायव्हच्या जोडीदाराशी, बोलायला आजही हातखुणा, टॉर्च आणि पाण्याखाली लिहायची स्लेट, यांवरच माझा भर आहे.

वर आल्यावरही फोनवर विसंबू नका. तो हाउसिंगमध्ये बंद, स्क्रीनला हात लागत नाही, आणि लाटांत हाउसिंग उघडणं म्हणजे फोनला बुडवणंच. काही नव्या फोनांत उपग्रहाने मदत मागायची सोय आहे, पण त्यासाठी फोन हातात धरून आकाशाकडे रोखावा लागतो. म्हणून माझ्या जॅकेटवर फुगवायचा मार्कर, शिट्टी आणि आरसा असतात. आता त्यात ४०६ मेगाहर्ट्झचा वैयक्तिक बीकन, म्हणजे उपग्रहामार्फत संकटाचा इशारा पाठवणारं छोटं यंत्र, घ्यायचं चाललंय. इथे खोलीचा आकडा नीट वाचावा लागतो. बरेच बीकन नावेवरच्या लोकांसाठी बनवलेले असतात, डायव्हला न्यायचे तर वेगळा डबा लागतो. नावेवरचा व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरच्या, म्हणजे संकटाच्या हाकेच्या चॅनेलवर लावलेला आहे ना, हेही निघण्याआधी विचारतो.

डायव्हनंतर हाउसिंग बंदच ठेवून गोड्या पाण्यात भिजत घालायचं आणि पाण्यातच प्रत्येक बटण दाबत राहायचं, म्हणजे खाली अडकलेलं मीठ निघतं. फोनला चुकून खारं पाणी लागलंच तर गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जरला लावू नका. मीठ आणि वीज एकत्र आले की पोर्टमधल्या पट्ट्या गंजतात.

पुढचं काम रंगांचं. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच उतरतो आणि सगळं निळसर दिसतं. एकाच खडकाचे व्हिडिओ लाल फिल्टर लावून आणि व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याचं रंग जुळवणं) लॉक करून असे दोन्ही प्रकारे घेणार आहे, आधी पाच मीटरवर, मग पंधरावर.