वंटमुरी घाटात अडखळणारी आरएस आणि चार प्लग

गाडी 2017 ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, दोन लिटर टर्बो. कंपनीतून 230 पीएस, म्हणजे अश्वशक्ती. रिमॅप केल्यावर, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलल्यावर, तीनशेच्या घरात गेली, असं ते काम करणारा ट्यूनर म्हणतो. बेळगावात टिळकवाडीच्या रेल्वे गेटाच्या रांगेत शहाण्यासारखी उभी राहायची. पण निपाणीहून येताना वंटमुरी घाटाचा चढ लागला आणि वरच्या गिअरात पाय दाबला की झटका द्यायची. क्षणभर ताकद गायब, मग परत सुरळीत.

स्कॅनर लावला तर पी 0303, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, इंधन नीट पेटत नाही. एका गॅरेजवाल्यानं चारही कॉइल, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज देणारे भाग, बदलायला सांगितल्या. या गाडीत प्रत्येक स्पार्क प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते, त्यामुळे तपासायला फुकटचा उपाय आहे: तिसरी आणि दुसरी कॉइल आपसांत बदलायची. कॉइल खराब असेल तर कोड 0302 होतो. माझा 0303 वरच राहिला. कॉइल निर्दोष सुटली, संशय प्लगवर आला.

रिमॅपमध्ये बूस्ट, म्हणजे टर्बोनं आत ढकललेल्या हवेचा दाब, वाढतो, सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि त्या दाबात ठिणगीला प्लगच्या दोन टोकांमधली फट, म्हणजे गॅप, ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लग झिजून गॅप रुंदावली असेल तर कॉइल कमी पडते. म्हणून सपाट रस्त्यावर काही कळत नाही, चढावरच कळतं.

ट्यूनरनं एनजीके कंपनीचे एक नंबर थंड प्लग सांगितले, म्हणजे उष्णता इंजिनच्या हेडकडे (प्लग ज्यात बसतात तो वरचा भाग) लवकर सोडणारे. एनजीकेत नंबर वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये नेमकं उलटं; मागवताना हे डोक्यात ठेवा. आणि नकली एनजीके बाजारात फिरतात, त्यामुळे स्वस्त मिळाले म्हणून खूश होऊ नका.

ठरावीक मापापर्यंतच आवळणारा टॉर्क पाना माझ्याकडे नव्हता. उद्यमबागेत मशीन शॉप चालवणारे आमचे काका आहेत, त्यांच्याकडे मागायला गेलो.

"अंदाजानं आवळणार असशील तर देत न्हाई बघ," काका म्हणाले. "हेड अ‍ॅल्युमिनियमचं हाय. आटे गेले की रडत बसशील."

"म्हणून तर मागायला आलोय की, काका."

"मग घेऊन जा. परत आणताना पुसून आण."

इंजिन रात्रभर थंड होऊ दिलं. गरम हेडमधून प्लग काढताना आटे सोलण्याची भीती असते. सकाळी वरचं कव्हर उचललं, कॉइलचे कनेक्टर आणि स्क्रू काढले आणि कॉइल सरळ वर ओढल्या. आपल्याकडची तांबडी धूळ प्लगच्या खड्ड्यांतही पोचलेली असते. प्लग सैल करण्याआधी ती हवेनं उडवून टाकली, नाहीतर सगळी आत सिलिंडरमध्ये. मग 16 चं पातळ भिंतीचं सॉकेट आणि लांब एक्स्टेन्शन. चौघेही निमूट सुटले.

मला सगळ्यात मजा आली ती जुने प्लग ओळीनं मांडून बघण्यात. तीन फिकट तपकिरी, म्हणजे जळण ठीक. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या मधल्या टोकाची धार बोथट आणि गॅप इतरांपेक्षा उघड जास्त. तेलाचा थेंब कुठंच नाही, हे बघून जीव भांड्यात पडला.

नव्या प्लगची गॅप तारेच्या गेजनं तपासली. ट्यूनरनं 0.65 मि.मी. सांगितली होती, डब्यातून निघालेली त्याहून थोडी मोठी होती. वाकवायचा तो फक्त बाजूचा हूक. मधल्या इरिडियमच्या टोकाला पानाही लावायचा नाही, ते बारीक असतं आणि तुटतं.

आट्यांना ग्रीस लावलं नाही. एनजीकेच्या आट्यांवर कंपनीचा मुलामा असतो, आणि वर ग्रीस फासलं की तेवढ्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो. आधी हातानंच फिरवून बसवले. हातानं सहज फिरत नसेल तर तो आडवा चढतोय, उलटा काढून परत लावायचा. शेवटी 30 न्यूटन-मीटरवर पान्यानं 'टक्' केलं की बस. कॉइलच्या रबराच्या आत थोडं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस, कॉइल दाबून, कनेक्टर क्लिक.

कोड पुसला आणि दुपारी हत्तरगीपर्यंत जाऊन वळलो. चढावर स्कॅनरवरचे चारही सिलिंडरचे मिसफायरचे आकडे शून्यावर होते. बॉनेटखाली टेपवर किलोमीटर लिहून चिकटवलेत. रिमॅप केलेल्या गाडीत कंपनीच्या वेळापत्रकावर विसंबायचं नाही, त्याच्या बऱ्याच आधी परत उघडून बघणार आहे.