रुबेन्सचा झेवियर पाहायला व्हिएन्नात

आमचं कुलदैवत मंगेश. देवळं पाडणाऱ्या पोर्तुगीजांपासून वाचवायला १५६० साली कुशस्थळीहून देव नदीपार प्रियोळला कसा आणला, हे आजीकडून ऐकतच मोठा झालो. हिंदुस्थानात ख्रिस्ती धर्मप्रसाराला आलेल्या सेंट झेवियरची जुन्या गोव्यातली चांदीची शवपेटीही लहानपणापासून पाहिलेली. त्यामुळे व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममधलं फ्लेमिश चित्रकार रुबेन्सचं ‘झेवियरचे चमत्कार’ हे चित्र बघायचंच होतं.

पहिली खेप वाया गेली. ऑक्टोबरातला सोमवार, दार बंद. उन्हाळा सोडला तर सोमवारी सहसा सुट्टी असते, वेळा बघूनच निघा. गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, तेव्हा निवांत बघता येतं. मेट्रोचं फोल्क्सथिएटर स्टेशन जवळ पडतं. चित्रं पहिल्या मजल्यावर आहेत.

कॅनव्हास साडेपाच मीटरच्या आसपास उंच. जवळ गेलात तर नुसते पाय दिसतात. आधी लांबूनच बघा. काळ्या झग्यातला झेवियर चौथऱ्यावर उभा, एक हात वर. खाली नुसती गर्दी: मेलेले उठताहेत, आणि एक आंधळा दोन्ही हात पुढे करून चाचपडतोय. त्याची ती ताणलेली बोटं मी कितीतरी वेळ बघत होतो. रुबेन्स कधी हिंदुस्थानात आला नव्हता, तरी ही आर्त माणसं मला आपलीच वाटली.

मग नजर मागच्या देवळावर गेली. खांब रोमन, आणि आकाशातून आलेल्या किरणांनी शिंगं असलेली मूर्ती कोसळतेय. तसा देव आमच्याकडे कुठल्याच गाभाऱ्यात नाही. पोटात कालवलं. चित्र महान आहे, पण त्यातली ही जागा मला सहन झाली नाही, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. गोव्याची माणसं जाणार असाल तर ही तयारी ठेवून जा.

हे १६१७-१८च्या सुमाराचं, बेल्जियममधल्या अँटवर्पच्या जेझुइट, म्हणजे झेवियरच्याच धर्मसंघाच्या, चर्चसाठी काढलेलं. म्हणजे झेवियर १६२२ला संत जाहीर व्हायच्याही आधीचं. तिथल्या मुख्य वेदीवर चित्रं आलटून पालटून लावत. १७७३मध्ये जेझुइट संघ बरखास्त झाला आणि १७७६ला ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसाने ते विकत घेतलं. रुबेन्सने आधी केलेलं छोटं कच्चं चित्रही याच संग्रहात आहे. मांडलेलं असलं तर आधी ते बघा, गर्दीतली माणसं ओळखायला सोपी जातात.

छोटी दुर्बीण जरूर न्या, वरचे देवदूत नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाहीत. या एका चित्राला तासभर तरी द्या. आणि अँटवर्पला जाणं झालंच, तर त्या चर्चमध्ये वेदीवरची चित्रं बदलायची जुनी यंत्रणा अजून चालते, ती बघून या.