कॅच होता की नव्हता?

काल रविवारी शेजारच्या आजोबांकडे अमेरिकन फुटबॉलची मॅच बघायला गेलो. आमचं प्लेनो म्हणजे डॅलसचं उपनगर, त्यामुळे घरात सगळे काउबॉईजवाले, म्हणजे डॅलसच्या टीमचे. जावई तेवढा विस्कॉन्सिनचा, तिथल्या ग्रीन बे टीमचा भक्त. दुसऱ्या क्वार्टरला रिप्ले बघून एक कॅच रद्द झाला आणि गाडी थेट 11 जानेवारी 2015 वर गेली. इथली अश्वत्थाम्याची जखम!

डॅलस विरुद्ध ग्रीन बे, प्लेऑफ, ग्रीन बेचं मैदान, चौथा डाउन म्हणजे शेवटचा प्रयत्न, अजून दोन यार्ड पुढे जायला हवं, जेमतेम पाच मिनिटं उरलेली. डॅलसच्या रोमोने लांब फेकलेला बॉल त्याच्याच टीमच्या डेझ ब्रायंटने डिफेंडरच्या डोक्यावरून उचलला आणि तोल जात असतानाही एंड झोनकडे, म्हणजे जिथे पोचलं की गुण मिळतात तिकडे, झेपावला. पडताना बॉल जमिनीला लागून उसळला. पंचांनी आधी कॅच दिला, मग ग्रीन बेच्या चॅलेंजनंतर याच कारणाने निर्णय फिरवला. डॅलस 26-21 हरलं.

सत्तरीचे आजोबा सोफ्याची उशी छातीशी धरून गालिच्यावर आडवेच झाले. "तीन पावलं टाकली! मोज!" सालसाची वाटी लवंडली. जावई थंडपणे म्हणाला, "उशी हलली."

सांगलीहून आलेल्या आईने विचारलं, "मग आउट का नॉट आउट?"

मी आपलं खरं सांगितलं: तेव्हाच्या नियमाने पंच बरोबर होते, नियमच बिनडोक होता. 2018 मध्ये तो बदलला, आज तो कॅचच धरतील.

दोघंही माझ्यावर चिडले. सालसाचा डाग मात्र मीच पुसला.