ऑर्किडचं मॉस काढा, मुळांना हवा द्या

घरातली बहुतेक फॅलेनॉप्सिस (घरोघरी दिसणारी रुंद पानांची ऑर्किडं) तहानेने मरत नाहीत, कुजून मरतात. नर्सरीतून ती प्लास्टिकच्या कपात, ओल्या मॉसमध्ये (शेवाळात) घट्ट कोंबलेली येतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ते मॉस दिवसेंदिवस वाळतच नाही. झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या या वनस्पतीच्या मुळांना ओलाव्याइतकीच हवाही लागते.

म्हणून फुलं गळून गेली की कुंडी बदलाच. कप अर्धा तास पाण्यात ठेवा, मॉस सैल होतं. मग बोटांनी हळूहळू काढा. चांगलं मूळ हाताला टणक लागतं. ओलं असताना हिरवं, वाळलं की चंदेरी. कुजलेलं तपकिरी मूळ चिमटीत दाबलं की साल निसटून येते आणि आत नुसता दोरा उरतो. ते ज्योतीवर तापवून गार केलेल्या कात्रीने कापा. दालचिनीची पूड फक्त कापलेल्या टोकाला लावा. सगळ्या मुळांवर भुरभुरली तर मुळं सुकतात. रोप एक दिवस सावलीत उघडं ठेवा.

कुंडी मातीची, बाजूंना भोकं असलेली, मुळं जेमतेम मावतील एवढीच. मोठी कुंडी उशिरा वाळते. तळाला विटांचे तुकडे, वर २-३ सेंमीचे लाकडी कोळशाचे तुकडे आणि थोडी नारळाची सोडणं. सोडणं आधी दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवलेली हवीत. रोपाचा बुंधा पुरू नका. काडीला बांधा, कारण हलत्या रोपाच्या कोवळ्या मुळांची टोकं मोडतात. नवी हिरवी टोकं दिसेपर्यंत खत नाही.

पाणी सकाळी, मुळं चंदेरी दिसली की. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर लगेच टिपून घ्या. फॅलेनॉप्सिसचा शेंडा एकदा कुजला की झाड सहसा वाचत नाही. पावसाळ्यात कुंडी छपराखालीच हवी. १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. चौथ्या आठवड्यात नुसतं पाणी भरपूर ओता, साठलेले क्षार धुऊन जातात.

पानं गर्द हिरवी पण फुलं नाहीत, याचा अर्थ उजेड कमी पडतोय. डेंड्रोबियमला (उभ्या कांड्यांच्या ऑर्किडला) सकाळचं तीन-चार तास ऊन द्या, फॅलेनॉप्सिसला पडद्याआडचा उजेड पुरे. आणि डेंड्रोबियमच्या जुन्या, पानं झडलेल्या कांड्या हिरव्या आहेत तोवर कापू नका. नव्या कोंबाला त्याच पोसतात, कधीकधी त्यांनाच पुन्हा फुलं येतात.